सरकारवर टीका आणि देशप्रेम : वाद कुठवर आला

महाराष्ट्रात ग्रामसभा भरवायच्या रूढ तारखा चार : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरसारख्या गावात झेंडावंदन आणि सरपंचाला जाब विचारणं ही दोन्ही कामं बहुधा एकाच दिवशी येतात. सकाळी राष्ट्रगीत म्हणणारी माणसंच थोड्या वेळानं विचारतात, नळाला पाणी का नाही, घरकुलाच्या यादीत अमक्याचं नाव कसं आलं, रस्त्याचं बिल निघालं तर रस्ता कुठे आहे. गावोगावच्या या सभांत आवाज चढतात, क्वचित बाह्याही सरसावल्या जातात. पण प्रश्न विचारणारा देशाच्या वाइटावर आहे असं कुणाच्या डोक्यात येत नाही. तोच माणूस संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर केंद्राच्या एखाद्या निर्णयाबद्दल, त्यातून तो निर्णय सीमेशी किंवा लष्कराशी जोडलेला असेल तर, तितकंच कडक लिहितो तेव्हा मात्र 'देशाबद्दल असं बोलवतं कसं' हे त्याला ऐकावं लागतं.

तलाठ्यावर बोललं की गाऱ्हाणं, मंत्र्यावर बोललं की राजकारण आणि त्याहून वर गेलं की देशद्रोह, अशी एक अलिखित चढण आपल्या सार्वजनिक बोलण्यात आहे. सरकारवरची टीका देशभक्ती की देशविरोध, हा वाद गेली दीडशे वर्षं महाराष्ट्रात चालू आहे आणि त्यातला बराचसा गोंधळ या चढणीवर होतो. वाद कसा वाढला, कोण काय म्हणतं, कायदा कुठे उभा आहे आणि कुठल्या गाठी अजून सुटलेल्या नाहीत, ते क्रमानं पाहू.

परक्या राजवटीचा वारसा

भारतीय दंड संहितेत राजद्रोहाचं कलम १२४ अ आलं ते १८७० मध्ये. त्याचा अर्थ पक्का झाला तो मात्र मराठी मजकुरावरच्या खटल्यांत. १८९७ मध्ये 'केसरी'तल्या लिखाणाबद्दल टिळकांवर खटला चालला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सरकारविषयी प्रेमाचा अभाव म्हणजेच अप्रीती, असा अर्थ ज्यूरीला सांगितला आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. प्रजेनं सरकारवर प्रेम केलंच पाहिजे, ही अपेक्षा त्या दिवशी कायद्यात शिरली. १९०८ मध्ये 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे एकोणीस महिन्यांसाठी आत गेले आणि टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला. १९२२ मध्ये अहमदाबादच्या खटल्यात गांधींनी, प्रेम काही कायद्यानं निर्माण होत नाही, असं सांगून गुन्हा कबूल केला.

आजच्या वादाच्या दृष्टीनं टिळकांचा सर्वांत महत्त्वाचा खटला मात्र १९१६ चा आहे, आणि त्याचीच आठवण सर्वांत कमी निघते. बेळगाव आणि अहमदनगर इथल्या होमरूलच्या भाषणांबद्दल पुण्याच्या मॅजिस्ट्रेटनं त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीची हमी मागितली. टिळकांनी भाषणांत एक भेद केला होता : एक अव्यक्त सरकार, म्हणजे राज्यसंस्था, जी हवीच, आणि दुसरं व्यक्त सरकार, म्हणजे ती चालवणारी नोकरशाही, जी बदलता येते आणि बदलली पाहिजे. टीका दुसऱ्यावर आहे, पहिल्यावर नाही. बॅरिस्टर जिना यांनी त्यांची बाजू मांडली आणि मुंबई उच्च न्यायालयानं नोव्हेंबर १९१६ मध्ये मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. राज्य वेगळं आणि राज्यकर्ते वेगळे हा युक्तिवाद परक्या सरकारच्याच न्यायालयात निदान एकदा टिकला, ही गोष्ट आजच्या चर्चेत फारशी कुणी काढत नाही.

सोलापूर जिल्ह्याला या इतिहासाची वेगळी धग लागली आहे. मे १९३० मध्ये गांधींच्या अटकेनंतर शहरात गोळीबार झाला, पोलीस ठाणी जळाली, काही दिवस शहरावर इंग्रजांचा ताबाच उरला नाही आणि मग लष्करी कायदा पुकारला गेला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. त्या राजवटीच्या कागदावर ते गुन्हेगार होते, आज शहरात त्यांचे पुतळे आहेत. पण हे उदाहरण आजच्या वादात जसंच्या तसं वापरणं मला पटत नाही. तो परक्या सत्तेविरुद्धचा उठाव होता. आपणच निवडून दिलेल्या सरकारवरची टीका हे वेगळं प्रकरण आहे आणि सोलापूरचा दाखला देऊन ते निकालात निघत नाही.

त्याहून जवळचे दाखले स्वकीयांवरच्या टीकेचे आहेत. कोल्हापूरच्या दिवाणांवरच्या लेखनाबद्दल टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात गेले. दिवाण परके नव्हते, बर्वे होते. आगरकरांनी पुढे 'सुधारक'मधून आपल्याच समाजावर असे कोरडे ओढले की लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये उधळण्याला त्यांनी विरोध केला. ते पैसे शिक्षणावर खर्च करा म्हणाले. दुसऱ्या बाजूची एक आठवणही इथे नोंदवायला हवी. १८९७ मध्येच गोखल्यांनी इंग्लंडमध्ये प्लेगच्या बंदोबस्तातल्या सोल्जरांवर गंभीर आरोप केले आणि मायदेशी परतल्यावर पुरावा उभा करता येईना तेव्हा जाहीर माफी मागितली. त्या माफीबद्दल त्यांना भेकड म्हटलं गेलं. टीका करणाऱ्यानं पुराव्याला बांधील असावं का, हा मुद्दा तेव्हापासून वादात आहे.

स्वराज्यात काय बदललं

घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शी यांच्या दुरुस्तीनं भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांच्या यादीतून राजद्रोह वगळला गेला. लोकशाहीत सरकारवर टीका होणारच, किंबहुना तिच्यावरच लोकशाही चालते, असा त्यामागचा विचार. पण दंड संहितेतलं कलम तसंच राहिलं आणि १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे कारण निर्बंधांत आलं. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मध्यम मार्ग काढला : कलम वैध, पण हिंसेला किंवा अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच लागू, नुसती कडक टीका म्हणजे राजद्रोह नव्हे. पुढच्या सगळ्या निकालांचा पाया हाच. याच निकालात खुद्द केदारनाथांचं अपील मात्र फेटाळलं गेलं होतं, हे तो उद्धृत करणारे सहसा सांगत नाहीत.

त्याच वर्षी चीनचं युद्ध झालं. युद्धात सरकारवर बोलू नये हे मत आपल्याकडे जवळजवळ सर्वमान्य आहे, म्हणून १९६२ कडे नीट पाहायला हवं. त्या वेळी डाव्या कम्युनिस्टांची धरपकड झाली, श्रीपाद अमृत डांगे यांनी सरकारच्या बाजूनं कौल दिला आणि दोन वर्षांनी पक्षच फुटला. हा भाग सर्वांना ठाऊक आहे. पण युद्ध चालू असतानाच आचार्य कृपलानींसारखे विरोधक आणि खुद्द काँग्रेसचे खासदार संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर तुटून पडले होते. त्या दबावाखाली मेनन गेले आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला हे वाक्य आपण अभिमानानं सांगतो. त्या धावण्याची वाट ऐन युद्धातल्या टीकेनं मोकळी केली होती, हे मात्र त्या वाक्यात मावत नाही.

आणीबाणीत प्रश्न घरात आला. पवनारचे विनोबा 'अनुशासन पर्व' म्हणाले आणि सरकारनं तेच घोषवाक्य केलं. त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं यावर पुढे बराच खल झाला. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी, स्वागताध्यक्ष यशवंतराव समोर असताना, लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली आणि आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला सांगितलं. पुढे त्यांना अटक झाली. १९७७ च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे प्रचाराला उतरले. दोन्ही बाजू तेव्हा देशाच्याच नावानं बोलत होत्या. नागरिकांची मूलभूत कर्तव्यं घटनेत आली तीही १९७६ मध्ये, आणीबाणीतच. त्यांत राष्ट्रध्वजाचा आदर आहे, तशीच चिकित्सक बुद्धीही आहे.

मुख्य भूमिका

पहिली भूमिका अशी : टीका हेच देशप्रेमाचं काम. सरकार चुकतं तेव्हा सांगणारा देशाचं नुकसान टाळतो. महाराष्ट्रात या बाजूकडे चांगला पुरावा आहे. १९७२ च्या दुष्काळात सोलापूरसारख्या जिल्ह्यांतून मोर्चे निघाले, विरोधी पक्षांनी आणि स्त्रियांच्या आंदोलनांनी सरकारला घाम फोडला. त्या दबावातून आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशानं तो नमुना उचलला. खडी फोडायला गेलेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. माहितीच्या अधिकाराचा राज्याचा कायदाही अण्णा हजारे यांच्या उपोषणांच्या रेट्यानं सुधारत गेला.

दुसरी भूमिका सरसकट 'गप्प बसा' अशी नाही, आणि तिला तसं रंगवणं अन्यायाचं होईल. तिचं म्हणणं असं, की परक्या सरकारची आणि निवडून दिलेल्या सरकारची तुलना होत नाही. पाच वर्षांनी मत देता येतं, न्यायालय आहे, विधिमंडळ आहे. मग टीकेला वेळ, जागा आणि रीत असावी. सैन्य मोहिमेवर असताना शंका काढल्या तर शत्रूच्या प्रचाराला खाद्य मिळतं. परदेशात जाऊन घरचं धुणं धुऊ नये. रोजच्या बंदनं मंत्र्याचं काही बिघडत नाही, हातावर पोट असलेल्याचं बिघडतं. या बाजूचा सर्वांत वजनदार आधार बाबासाहेब आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण. घटनात्मक मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रह आणि कायदेभंग सोडून द्या, त्यांतून अराजकच येईल, असा इशारा त्यांनी दिला होता. पण त्याच भाषणात, राजकारणातली विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हाही इशारा आहे. दोन्ही बाजू या भाषणाचा आपापला अर्धा भाग घेऊन जातात. शिवाय बाबासाहेबांनी आंदोलनाचे मार्ग नाकारले होते, टीका नव्हे.

तिसरी भूमिका प्रश्नालाच हात घालते. टीका खरी की खोटी, एवढं तपासा. करणाऱ्याचं देशप्रेम मोजायला कशाला जाता? आणि देशप्रेमाची मागणी करण्याआधी देशानं त्या माणसाला काय दिलं तेही विचारा. १४ ऑगस्ट १९३१ ला मणिभवनात आंबेडकरांनी गांधींना तोंडावर सांगितलं की मला मायभूमी नाही. गांधींचं उत्तर, गोलमेज परिषदेतल्या कामावरून तुम्ही मोठे देशभक्त आहात हे मला ठाऊक आहे, असं होतं. एवढं कठोर वाक्य बोलणाऱ्याच्या हातून पुढे देशाची घटना घडली.

जेऊरचं नाव या वादात येतं ते इथे. दिग्दर्शक नागराज मंजुळे या गावचे. त्यांच्या 'फँड्री'मध्ये डुकराच्या मागे धावणारं कैकाडी कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभं राहतं. हे दृश्य राष्ट्रगीताचा अपमान की सन्मान, असा वाद घालता येईल. मला त्यात दोन्ही दिसत नाही. ज्यांना गावानं माणसात धरलं नाही तेही राष्ट्रगीताला उभे राहतात, एवढंच ते दाखवतं आणि हिशेब प्रेक्षकावर सोडतं. या चित्रपटाला दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. टीका आणि तिचा सरकारी सन्मान असं एकत्र घडू शकतं, ही नोंद पहिल्या दोन्ही बाजूंनी ठेवावी.

कायदा आज कुठे आहे

महाराष्ट्रातल्या गेल्या काही वर्षांच्या निकालांत एक सलग धागा दिसतो. भ्रष्टाचारविरोधी आंदोलनातल्या व्यंगचित्रांवरून असीम त्रिवेदी यांना २०१२ मध्ये अटक झाली. चित्रांत विनोद नाही, उपरोधही नाही, नुसता संताप आहे, असं उच्च न्यायालयाला वाटलं. तरीही तो राजद्रोह होत नाही, असं २०१५ मध्ये सांगितलं गेलं. त्या निकालाच्या अनुषंगानं राज्य सरकारनं पोलिसांसाठी काढलेलं परिपत्रक लोकप्रतिनिधींवरच्या टीकेलाच गुन्ह्याच्या जवळ नेतं, अशी ओरड झाली आणि ते मागे घ्यावं लागलं. फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबाद खंडपीठानं बीड जिल्ह्यातल्या आंदोलकांबद्दल, एखाद्या कायद्याला विरोध करतात एवढ्यावरून त्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असं म्हटलं. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावरचा गुन्हा रद्द केला. कलम ३७० हटवल्याच्या दिवसाला काळा दिवस म्हणणं आणि पाकिस्तानला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणं, हा त्यांच्या व्हॉट्सॲप स्टेटसचा मजकूर. सरकारबद्दलच्या बातम्या खऱ्या की खोट्या हे सरकारच्याच कक्षानं ठरवावं, हा केंद्राचा नियमही मुंबई उच्च न्यायालयात सप्टेंबर २०२४ मध्ये पडला.

निकालांची ही माळ दिलासा देणारी आहे, पण त्यातल्या काळाकडेही बघावं. त्रिवेदींची अटक २०१२ ची, निकाल २०१५ चा. गुन्हा टिकत नाही हे कळेपर्यंत वकील, तारखा आणि गावातली कुजबुज हीच शिक्षा होऊन बसते. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, एका समाजमाध्यमी पोस्टवरून पुण्यातल्या एका विद्यार्थिनीला अटक झाली आणि कॉलेजनंही काढून टाकलं. उच्च न्यायालयानं सरकार आणि कॉलेज दोघांनाही झापून तिला सोडवलं, तोवर तिचे काही पेपर बुडाले होते.

कलम १२४ अ ला आव्हान देणाऱ्यांत निवृत्त मेजर जनरल एस. जी. वोंबतकेरे होते, म्हणजे देशप्रेमाचं प्रमाणपत्र ज्यांच्याकडे कुणी मागणार नाही असे गृहस्थ. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कलम स्थगित केलं. विधी आयोगानं २०२३ मध्ये ते ठेवण्याची शिफारस केली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात कलम १५२ आहे. राजद्रोह गेला, आता सरकारवर बोलणं गुन्हा नाही, देशाचं सार्वभौमत्व आणि एकता धोक्यात आणणं गुन्हा आहे, असं सरकार म्हणतं. कायदेशीर मार्गानं बदल घडवण्यासाठी केलेल्या टीकेला कलमाच्या स्पष्टीकरणात जागाही आहे. त्यातले शब्द इतके सैल आहेत की जुनंच कलम मागच्या दारानं आलं, असं विरोधक म्हणतात. वोंबतकेरे यांनी यालाही आव्हान दिलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं केंद्राला नोटीस काढली. राज्यात जुलै २०२५ मध्ये जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. ते कडव्या डाव्या संघटनांपुरतं आहे, आंदोलकांना त्याची भीती नाही, असं सरकारचं आश्वासन आहे. संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार कुणाच्याही विरुद्ध वापरता येईल, ही विरोधकांची हरकत.

न सुटलेल्या गाठी

पहिली गाठ संस्थांची. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात मारकडवाडीच्या लोकांनी मतदान यंत्रावर शंका घेऊन मतपत्रिकांवर स्वतःच मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, निवडून आलेले आमदार उत्तम जानकर यांच्यासह अनेकांवर गुन्हे दाखल झाले. एका बाजूला तो लोकशाहीवरचा विश्वास वाटला, दुसऱ्या बाजूला लोकशाहीवरचा हल्ला. निवडणूक आयोग, न्यायालय आणि लष्कर ही सरकारं नव्हेत. मग त्यांच्यावरच्या शंकेला सरकारवरच्या टीकेचेच नियम लावायचे का? टिळकांचा अव्यक्त आणि व्यक्त हा भेद इथे अपुरा पडतो. या संस्था राज्याचा भाग आहेत, पण त्या चालवणारी माणसं चुकू शकतात.

दुसरी गाठ समाजाची. न्यायालय निर्दोष म्हणालं तरी ग्रुपवरून काढून टाकणं, दुकानावर बहिष्कार, मुलीच्या सासरी फोन, यांवर सहसा कुठलं कलम लागत नाही. खेडेगावात या गोष्टी पोलीस ठाण्यापेक्षा जास्त लागतात. आणि सरकार बदललं की टीकाकार आणि रखवालदार आपापल्या जागा बदलतात, हेही लपून राहिलेलं नाही. २०११ मध्ये रामलीला मैदानावरच्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाला देशभक्ती म्हणणारे आणि अराजक म्हणणारे कोण होते आणि पुढच्या आंदोलनांत ते कुठे उभे राहिले, याचा ताळा ज्यानं त्यानं घालावा.

तिसरी गाठ नोकरदारांची, आणि गावाच्या दृष्टीनं ती सर्वांत जवळची. १९७९ चे वर्तणूक नियम राज्याच्या कर्मचाऱ्याला सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करू देत नाहीत. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे नियम आहेत. जुलै २०२५ मध्ये राज्यानं समाजमाध्यमांसाठी नव्या सूचना काढल्या आणि त्यांच्या कक्षेत स्थानिक स्वराज्य संस्थांचे, महामंडळांचे, कंत्राटी असे सगळेच कर्मचारी आणले. सरकारी माणूस तटस्थ दिसला नाही तर लोकांचा कारभारावर भरवसा राहणार नाही, हे त्यामागचं कारण आणि ते पोकळ नाही. पण जेऊरसारख्या गावात लिहिता-बोलता, कागद वाचू शकणारा वर्ग पुष्कळसा याच नोकऱ्यांत आहे : शिक्षक, आरोग्यसेविका, ग्रामसेवक, महावितरणचे लोक. शाळेची खोली गळते हे सर्वांत आधी गुरुजींना कळतं. ते त्यांनी गटशिक्षणाधिकाऱ्याला अर्जात लिहिलं तर कर्तव्य होतं, फेसबुकवर फोटोसकट लिहिलं तर खुलासा मागवला जाऊ शकतो. आणि अर्जाला वर्षभर उत्तर आलं नाही तर गुरुजींनी काय करावं, याबद्दल नव्या सूचना काही सांगत नाहीत.